दोराचं दुसरं टोक: बर्फाखालच्या बुडीची तालीम खोडदच्या विहिरीत

आर्क्टिकला जायचं ठरलं ते मालवणात. माझ्या ताटात सुरमई होती, सोनलच्या ताटात नुसता सोलकढी-भात, आणि आम्ही दोघी दोन बुड्या मारून भुकेनं वखवखलेल्या. सोनल माझी शाळेपासूनची मैत्रीण. नारायणगावात त्यांचं कापडाचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आले, पण ही माझ्यापेक्षा जास्त जुन्नरी बोलते. भात कालवता कालवता ती म्हणाली की गरम पाण्यात काय सगळेच बुड्या मारतात राव, आपण बर्फाखाली जाऊ. मी हो म्हणाले. भरल्या पोटी मी कशालाही हो म्हणते.

नंतर कळलं की बाई खरंच चौकशी करून बसली होती. नॉर्वेच्याही वर स्वालबार नावाची बेटं आहेत. वसंतात तिथल्या खाड्या गोठलेल्या असतात. बर्फाला करवतीनं त्रिकोणी भोक पाडायचं आणि त्यातून खाली उतरायचं. अंगाला दोर बांधलेला, दुसरं टोक वर जोडीदाराच्या हातात. खाली बुडी मारणाऱ्याला दुसरी वाट नसते. आत गेलो त्याच भोकातून बाहेर. म्हणून सहल नेणाऱ्यांची अट अशी की येण्याआधी ड्रायसूटचा आणि दोराचा सराव करून या. ड्रायसूट म्हणजे आत पाणी न शिरणारा पोशाख. आत गरम कपडे घालायचे, आणि वरून माणूस फुगवलेल्या पोत्यासारखा दिसतो.

पहिला हप्ता भरून झाला होता. दुसरा सोमवारी भरायचा होता आणि मी सोनलला सांगून टाकलं होतं की आईनं हो म्हटल्याशिवाय मी तो भरणार नाही. ती हसली. बेचाळीस वर्षांची बाई, पुण्यात स्वतःचं ऑफिस सांभाळते आणि आईची परवानगी मागते! हसू दे. वडील गेल्यापासून आई फोनची रिंग वाजली तरी दचकते. तिच्या मनाविरुद्ध मी जगाच्या टोकाला जाऊन बर्फाखाली उतरले असते तर माझं सगळं लक्ष खोडदला राहिलं असतं, आणि पाण्याखाली लक्ष दुसरीकडे असून चालत नाही. तर सराव आणि परवानगी, दोन्ही एकाच फेरीत उरकायचं ठरवून जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी पुण्याहून निघाले.

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, नाशिक रस्त्यानं जाणार असाल तर चाकण उजाडायच्या आत ओलांडा. नाहीतर कंपन्यांच्या बसच्या मागे ताटकळत बसा. मी ताटकळले. दोन, हवेचे सिलिंडर डिकीत नीट पट्ट्यानं बांधा आणि भाड्याची पावती हाताशी ठेवा. मला नाक्यावर हवालदारानं थांबवलंच. गॅस कसला म्हणाला. मी म्हटलं, साधी हवा आहे साहेब. त्यानं माझ्याकडे, मग सिलिंडरकडे, मग आजूबाजूच्या शेतांकडे बघितलं आणि विचारलं, "पुण्यातनं हवा घेऊन गावाला चाललाय?" मी पावती पुढे केली. त्यानं जाऊ दिलं.

मंचरला मिसळ खाल्ली. रस्सा मागाल तेवढा देतात, पण पहिल्या वाटीतच डोळ्यांतून पाणी आलं. नारायणगावात सोनलला आणि तिच्या दोन बोचक्यांना उचललं. एक तिचा आणि एक माझा असे दोन ड्रायसूट तिच्या परदेशातल्या चुलतभावानं वापरलेले मिळवून पाठवले होते. माझा एका उंच माणसाचा होता. पायांत इतकी जागा की आणखी एक छोटी मनीषा, म्हणजे मीच, मावली असती.

नारायणगावापासून खोडद जवळ आहे. रस्ता आता चांगला झालाय. रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसायला लागल्या की आमचा मळा आला. बाहेरचे लोक गाडी थांबवून तबकड्यांचे फोटो काढतात. आम्ही त्यांच्याकडे पाहून वळण ओळखतो. दादा दारातच होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, टोमॅटो आणि कांदा करतो, आणि कुठल्याही उचापतीला कायम तयार. आईनं सोनलचा गालगुच्चा घेतला आणि मला विचारलं की एवढी वाळलीस का. मी अजिबात वाळलेली नाही.

आईला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मार्चमध्ये परदेशात समुद्रात पोहायला जाणार आहे. खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. उरलेलं जेवणानंतर निवांत सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण आधी थंडीची परीक्षा घ्यायची होती. विहिरीचं पाणी जानेवारीत उलट कोमट असतं, सकाळी त्यातून वाफ निघते. म्हणून दादाच्या पिकअपमधून आम्ही आळेफाट्याला गेलो. फाट्यावर काय मिळत नाही! ट्रकचे टायर, लग्नाचे फेटे, वेल्डिंग आणि बर्फ. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसानं विचारलं की कार्यक्रम कुठला आहे. दादा म्हणाला, बहिणीला बसवायचंय. त्या माणसानं मान खाली घातली आणि लाद्यांवर भुसा जास्तच टाकला. कुणीतरी वारलंय असं त्याला वाटलं असणार. परत येताना सोनल हसून हसून सीटवरून घसरली.

जनावरांचा हौद धुऊन त्यात लाद्या सोडल्या. मी सूट चढवून आत बसले. अंगाला थंडी वाजली नाही, कबूल. पण हात! हातमोजे पातळ निघाले. थोड्याच वेळात बोटं माझी आहेत की शेजारणीची, कळेना. सोनलनं दोर हातात देऊन गाठ मारायला सांगितली तर मला दोर नुसता दिसत होता, लागत नव्हता. (जाड मोजे घ्या. यात काटकसर नको. आम्ही त्याच संध्याकाळी नवे मागवले.) हात बाहेर काढले तेव्हा नखं जांभळी झाली होती आणि आई नेमकी हौदापाशी आली होती.

ह्ये कशापायी, तिनं विचारलं. माझ्या आधी दादा बोलला. मोठ्या कौतुकानं त्यानं सगळं सांगितलं. बर्फ, भोक, खाली अंधार, एकच वाट. आई माझी बोटं आपल्या पदरात चोळत राहिली. चोळून झाल्यावर म्हणाली, "न्हाई जायाचं." आणि गोठ्याकडे गेली.

जेवताना मी समजावलं. ज्ञान पाजळलं म्हणा. आमच्या मळ्याला तिन्ही बाजूंनी ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. मागच्याच महिन्यात शेजारच्यांचं कुत्रं नेलं. तरी आई रोज पहाटे काठी आपटत धारा काढायला जाते. मग बर्फाची एवढी भीती कशाला, असं मी विचारलं. ताटातली भाकरी संपवून ती म्हणाली की आधी विहिरीत दाखव, दोर मी धरीन, मग बघू. मला हायसं वाटलं. दोर धरण्यात आमच्या आईचा हात धरणारं कुणी नाही.

आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोर धरून कुणीतरी काठावर. वडील पंपाच्या आणि बाजाराच्या मागे असायचे, म्हणून आमच्या वस्तीवरच्या सगळ्या पोरांचा दोर आईच्या हातात असायचा. तिला स्वतःला पोहता येत नाही. पाण्यात ती घोट्याच्या वर कधी उतरली नाही. पण तिच्या हातात दोर असताना एकही पोर गटांगळी खाऊन घाबरलं नाही.

शनिवारी ऊन विहिरीत उतरल्यावर आम्ही सुरू केलं. काठावर सोनल, दादा, आई. दोराच्या खुणा मी तिघांनाही समजावून सांगितल्या. एक ओढ म्हणजे सगळं ठीक, वरच्यानंही एक ओढ देऊन उत्तर द्यायचं. दोन म्हणजे दोर सैल सोडा. सारख्या ओढी म्हणजे मला वर काढा. आईनं मान डोलावली. मी खाली गेले.

पाणी हिरवट, स्वच्छ. सूटमधली हवा पायांकडे पळाली आणि मी उलटी झाले, हा प्रकार ड्रायसूटमध्ये नवख्या माणसाच्या बाबतीत होतोच. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारली की माणूस सरळ होतो. झाले सरळ. तळाशी टेकले, बरं वाटलं. ठरल्याप्रमाणे दोराला एक ओढ दिली. सगळं ठीक.

वरून जो हिसका आला तो मी जन्मात विसरणार नाही. कमरेपाशी दोरानं मला धरलं आणि मी मागच्या मागे वर निघाले. मास्क सरकला, नाकात पाणी, सूट फुगत चाललेला, भिंतीवर एक पाय आपटला. वर येताना श्वास कोंडून धरला तर फुप्फुसाला इजा होते, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. माझा श्वास कोंडला नाही, कारण मी पूर्णवेळ शिव्या देत होते. पाण्याबाहेर तोंड निघालं तेव्हा पाहते तर आई आणि दादा दोघं पाय रोवून मोटेचे बैल असल्यासारखे ओढतायत आणि सोनल मध्ये पडून सोडा सोडा म्हणतेय.

मी पायऱ्यांवर बसून आईवर ओरडले. काय वाट्टेल ते बोलले. मारून टाकलं असतंस, साधं एक लक्षात राहत नाही, असलं. आई दोराची गुंडाळी करत होती. ती शांतपणे म्हणाली, "दोर हलला की पोराला वर काढायचं. म्या जल्मभर ह्येच केलंय." आणि घरी निघून गेली.

आता मला सांगा, यात तिची काय चूक? विहिरीतलं पोर दोर हलवतं ते बुडायला लागल्यावरच. ठीक असलेलं पोर दोर हलवून सांगत नाही, ते ओरडतं, पाणी उडवतं. हे कळत होतं, पण राग उतरत नव्हता. पायही सुजला होता.

दुपारी मी आणि सोनल येडगावला गेलो. नुसतं बघायला. धरणावर पाणी भरपूर होतं आणि वारा गार. तिथल्या रखवालदाराला विचारलं की इथं बुडी मारता येईल का, तर परवानगीशिवाय पाण्यात पाय घालू नका म्हणाला. बरोबरच आहे. कुणी हा लेख वाचून तिकडे सिलिंडर घेऊन जाऊ नका. आम्ही काठावर बसून बोरं खाल्ली. मी म्हटलं, सोनल, तू एकटी जा. मी हप्ता भरत नाही. सोनल बी थुंकत म्हणाली की तिथं तिचा दोर कोण धरणार मग? याचा मी विचारच केला नव्हता. मी नाही गेले तर तीही जाणार नव्हती. माझं मन आणखीच खट्टू झालं.

परत आलो तर वहिनीनं मासवडी केली होती. नावावर जाऊ नका, ती बेसनाची असते, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. सोनलच्या वाट्याची बिनकांद्याची, बिनलसणाची. आईनं सकाळीच तशी सांगून ठेवली होती, भांडण व्हायच्या आधी. मी आईशी बोलले नाही. ती माझ्याशी बोलली नाही. वाढताना मात्र तिनं माझ्या ताटात दोन वड्या जास्त टाकल्या आणि मी त्या खाल्ल्या.

हात धुऊन बाहेर आले तेव्हा पडवीत सोनल आणि आई समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये माझा लाल दोर. एक टोक सोनलच्या हातात, एक आईच्या. सोनल एक ओढ द्यायची, आई एक ओढ परत द्यायची. सोनलनं दोन दिल्या की आई दोर सैल सोडायची. मध्येच आई चुकली आणि सोनल बसल्या जागेवरून फरफटत पुढे आली. दोघी हसल्या. मग पुन्हा पहिल्यापासून. मी दारातूनच मागे वळले. खरं सांगते, मला माझीच लाज वाटली.

रविवारी सकाळी मी सूट चढवला. आईच पुढे होऊन विहिरीकडे चालू लागली. माझ्या कमरेची गाठ तिनं स्वतः मारली, लहानपणी मारायची तशी, दोनदा ओढून पाहत. मी उतरले.

तळाशी टेकले. हात दोरावर ठेवला आणि थांबले. द्यावी की न द्यावी? एक ओढ दिली आणि भिंतीकडचा पाय आधीच आखडून घेतला.

काहीच झालं नाही. मग वरून एक ओढ आली. हलकी, अगदी बेतानं.

मी तिथेच बसले. आता कोलांटी मार, सूटमध्ये हवा घे, सोड, असा सराव करायचा होता. तो केला. पण थोडा वेळ झाला की वरून एक ओढ यायची. मी एक परत द्यायचे. परत थोड्या वेळानं एक. हे मी शिकवलं नव्हतं. नियमाप्रमाणे वरच्यानं मधूनमधून विचारायचं असतं, पण इतकं नाही. आई विचारत होती, ठीक हाय का. मी सांगत होते, ठीक आहे. बाकी काही नाही. वडील गेल्यापासून आम्ही दोघी एवढं सरळ कधी बोललो नव्हतो. मास्कमध्ये रडू नये, समोरचं दिसेनासं होतं. माझं झालं.

सराव संपवून सावकाश वर आले. पायऱ्या चढून आईजवळ गेले, दोर सोड आता म्हटलं. ती पहिल्या पायरीवर बसून होती. दादा मागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून, तोंड वाकडं करून. आईनं हातातला दोर सोडला तरी तो खाली पडला नाही. पदराखाली गेला होता. मी पदर बाजूला केला. दुसरं टोक तिच्या कमरेला होतं. चांगली दुहेरी गाठ.

दादा म्हणाला की तो सकाळपासून सांगून दमला. मी कशीबशी ओरडले, तुला पोहता येत नाही, मी खाली ओढली गेले असते तर तूही आत!

"म्हून तर बांदला," आई म्हणाली. "मला पोहाया येत न्हाई ह्ये तुला ठावं हाय. मंग तू खाली येडेपना करनार न्हाईस."

पण मला तर ठाऊकच नव्हतं, मी म्हटलं. तू पदराखाली लपवलंस.

आईनं गाठ सोडायला घेतली. ओल्यानं ती घट्ट बसली होती. "मला तर ठावं व्हतं," ती म्हणाली.

गाठ शेवटी सोनलनं दातांनी सोडवली. आईनं तिला विचारलं की तिकडं दोराचं टोक कशाला बांधत्यात. सोनलनं सांगितलं की बर्फात लोखंडी खिळा ठोकतात, त्याला. आणि मध्ये धरणारी ती स्वतः. आईला ते पसंत पडलं नाही. बर्फाला बांधून काय उपेग, ती म्हणाली, बर्फाला काय माया हाय. मग माझा सुजलेला पाय दाबून पाहिला आणि हळद लावायला घरी चल म्हणाली. वाटेत उसाच्या कडेनं काठी आपटत पुढे चालताना तिनं मागे न बघता सांगितलं, "जा तू. पर सारखं इचारत ऱ्हायाचं, आन् सारखं सांगत ऱ्हायाचं."

निघताना डिकीत रिकाम्या सिलिंडरांच्या शेजारी कांद्याचं पोतं, तीळगुळाचा डबा आणि टोमॅटोचं क्रेट आलं. नाक्यावर तोच हवालदार. हवा संपली का म्हणाला. संपली, म्हटलं. टोमॅटो दिले त्याला चार.

सोमवारी हप्ता भरला. जाड मोजे आले. येत्या महिन्यात आणखी दोनदा खोडदला जाऊन सोनलच्या बुडीचा सराव करायचाय, कारण तिथं आम्ही आलटून पालटून दोर धरणार. तुम्ही जाणार असाल तर माझा एकच आग्रह आहे. सूट भाड्यानं मिळेल, सिलिंडर मिळेल, दोर धरणारा मात्र आपल्या घरून न्या.

पुण्याला परतले त्या रविवारी संध्याकाळी, कुकर लावत असताना, आईचा फोन आला. एकदा वाजला आणि बंद झाला. पैसे वाचवायला मिस्ड कॉल द्यायची सवय तिनं कधीच सोडली होती, तेव्हा मी घाबरून उलट फोन लावला. तिनं उचललाच नाही, कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग दादाला लावला. दादा म्हणाला, आई चुलीपुढं बसलीय, मजेत हाय, आणि तुला म्हणतीय की दोन-दोनदा काय ओढती, एकदाच द्यायची असती.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला माझा फोन एकदा वाजतो. मीही एकदा वाजवून ठेवून देते. काल तिनं दादाकडून विचारून घेतलं की त्या बर्फात रेंज असती का. असते, मी कळवलं. तिथल्या गावात असते, खाडीवर नाही. त्यावर तिचा निरोप आला की मग बर्फातनं वर आली की आधी गावात जायाचं.